बाळंतिणीच्या ताटातलं दही

माझं पोट दुधातल्या बॅक्टेरियावर चालतं. सांगली जिल्ह्यातल्या एका डेअरीच्या क्वालिटी लॅबमध्ये मी गेली चौदा वर्षं कामाला आहे, सकाळी टँकर लागले की आमचा दिवस सुरू. सॅम्पल काढायचं, नळीत १० मिली दूध घ्यायचं, त्यात १ मिली मेथिलीन ब्लू टाकायचं, रबरी बूच लावून नळी ३७ डिग्रीच्या पाण्यात उभी करायची आणि मग घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. दुधात जेवढे बॅक्टेरिया जास्त तेवढा तो निळा रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध व्हेरी गुड, अर्ध्या तासात नळी पांढरी झाली तर पुअर. नवीन होते तेव्हा त्या निळ्या नळ्या बघायलाच मला फार आवडायचं, अजूनही आवडतं. पण डोक्यात एक गोष्ट तिथेच पक्की बसली की दुधात बॅक्टेरिया आले म्हणजे कुणाचीतरी चूक झाली. कॅन नीट धुतला नाही, धार काढायच्या आधी कास पुसली नाही, दूध उन्हात उभं राहिलं.

परवा रात्री साडेदहाला छोटीचा फोन आला. छोटी म्हणजे माझी चुलतबहीण, पहिलं बाळंतपण, मुलगा झालाय, अठरा दिवसांचा आहे, काकूकडेच आहे सध्या. आवाज रडवेला. "ताई, तू दुधातलीच आहेस ना, मला एक सांग, मी काय खाल्लं म्हणजे माझ्या दुधात चांगले बॅक्टेरिया येतील?"

तिने कुठलं तरी रील बघितलं होतं. त्यातली बाई सांगत होती की आईने काल काय खाल्लं त्यावर आज बाळाच्या पोटात कुठले बॅक्टेरिया जाणार ते ठरतं, आणि खाली कसल्याशा पावडरीची लिंक होती, डबा अठराशे रुपयांचा. आणि छोटीने त्या दिवशी दुपारी, सगळे झोपलेत हे बघून, भावाने आणलेला अर्धा वडापाव खाल्ला होता. संध्याकाळी बाळ दोन तास रडलं. एवढंच झालं होतं, पण ती स्वतःला माफ करायला तयार नव्हती. मी म्हटलं झोप आता, रविवारी येते मी, सगळं सांगते. फोन ठेवला आणि मग मलाच झोप लागेना, कारण तो अर्धा वडापाव मी ओळखत होते, माझ्या वेळी तो कोबीच्या भाजीच्या रूपात आला होता.

माझी मुलगी २०१६ ची. सिझेरियन झालं, दूध नीट उतरायला चौथा दिवस उजाडला. त्याआधी जे येत होतं ते घट्ट, पिवळसर, थेंब थेंब. बघायला आलेल्या नात्यातल्या एका आजींनी सांगितलं की ते पिळून टाक पोरी, जड असतं, बाळाला पचत नाही. मी टाकलं नाही, नर्सने टाकू दिलं नाही हे खरं कारण, पण टाकावं का असा विचार मात्र मनात येऊन गेला आणि तो आठवला की आजही कसंतरी होतं. आमच्याकडे म्हैस व्याली की चिकाची केवढी किंमत असते. खरवस होतो, गल्लीत वाट्या जातात, कुणाकडे पोचली नाही तर राग येतो. रेडकाला पहिल्या तासातच चीक मिळाला पाहिजे हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही, नाहीतर रेडकू हाताला लागत नाही हे त्याला माहीत असतं. आणि बाईचा चीक मात्र जड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या फक्त ४१.८ टक्के बाळांना जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलं गेलं होतं. अर्ध्याहून जास्त लेकरांचा तो पहिला तास निघून गेला, कुठे सिझेरियनमुळे, कुठे मधाचं बोट चाटवण्यात, कुठे असंच.

मग सुरू झालं पथ्य. सव्वा महिना. काय खायचं याची यादी तशी छानच होती, डिंकाचे लाडू, आळीवाची खीर, मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशोपा. माझी आजी हे सगळं स्वतः करायची, डिंक तुपात फुलवताना कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. या खाण्याबद्दल माझ्या मनात आजही फक्त माया आहे. पण काय खायचं नाही ही यादी त्याच्या तिप्पट लांब होती. वाल नको, हरभऱ्याची डाळ नको, कोबी नको, वांगं नको, बटाटा वातूळ, काकडी थंड, टोमॅटो आंबट, ताक नको, दही तर अजिबातच नको. पाणीसुद्धा मोजून आणि कोमट. आम्ही शाकाहारी, घरात अंडंही येत नाही, म्हणजे ताटात मुळातच जे होतं त्यातलं निम्मं उचलून बाजूला ठेवलेलं.

मुलगी रोज संध्याकाळी सहा वाजता रडायला लागायची ती नऊपर्यंत. पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन. आणि रोज सहा वाजता घरातली सगळी माणसं मला एकच प्रश्न विचारायची, काय खाल्लंस तू? सासूबाई विचारायच्या, आई विचारायची, फोनवरून आत्या विचारायची. मालिशवाल्या मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन विचारायच्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, सगळ्यांना त्या लेकराची काळजी होती, पण तीन आठवड्यांत मी अशी झाले की घास उचलताना हात थांबायचा. एक दिवस कोबीची भाजी खाल्ली होती, दोन चमचे, आणि त्या रात्री ती जास्त रडली. पुढे महिनाभर मी भात, तूप, मुगाचं वरण यापलीकडे काहीही खाल्लं नाही. ती रडायची ती रडतच राहिली. साडेतीन महिन्यांनी आपोआप थांबली. मला मात्र वर्षभर वाटत राहिलं की मीच तिला काहीतरी बाधवलं.

हे सगळं झाल्यावर, सहा महिन्यांनी मी कामावर परत आले तेव्हा कधीतरी सेकंड शिफ्टला निवांत असताना वाचायला सुरुवात केली. गाईम्हशीच्या दुधाबद्दल मला एवढं माहिती, मग आईच्या दुधाबद्दल काहीच कसं माहिती नाही, या एका भावनेने. आणि पहिलाच धक्का असा बसला की आईचं दूध निर्जंतुक नसतंच. म्हणजे कितीतरी वर्षं असंच समजलं जायचं की आतलं दूध निर्जंतुक, बॅक्टेरिया सापडले तर ते बाहेरून आलेले, हात नाहीतर भांडं खराब, अगदी आमच्या लॅबमधल्यासारखंच. मग २००३ मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी निरोगी आयांच्या दुधातून लॅक्टिक ॲसिड बॅक्टेरिया, म्हणजे दही लावणाऱ्यांच्या गोतातले, वेगळे काढून दाखवले आणि म्हटलं की हे बाळाच्या आतड्यात पोचणारं विरजण असू शकतं. विरजण हा शब्द माझा, पण मला तो वाचल्यावाचल्या सुचला.

आकड्यांनी मला जास्त धीर दिला. निरोगी आईच्या १ मिली दुधात लॅबच्या प्लेटवर वाढतील असे जिवंत बॅक्टेरिया साधारण हजाराच्या आतबाहेर असतात. आमच्याकडे कच्च्या दुधाला मिलीमागे २ लाखांच्या आत काउंट असला तर व्हेरी गुडचा शेरा मिळतो, तेव्हा अंदाज करा. पण बाळ दिवसाला ८०० मिली पितं म्हटलं तर रोज लाखभरापासून कोटभरापर्यंत जीव त्याच्या पोटात जातात, आणि ते पोट जन्मतः जवळजवळ रिकामं शेत असतं, तिथे आधी कोण पोचतं याला अर्थ असतो. २०१७ मध्ये अमेरिकेत १०७ आईबाळांच्या जोड्यांवर एक अभ्यास झाला, त्यात जी बाळं मुख्यतः अंगावर पीत होती त्यांच्या आतड्यातले पहिल्या महिन्यातले सुमारे २८ टक्के बॅक्टेरिया आईच्या दुधातून आलेले दिसले, आणि आणखी १० टक्के स्तनाग्राभोवतीच्या कातडीवरून. बाकीचे इतर ठिकाणांहून, जन्मताना, हातातून, हवेतून, घरातून.

आणि मग त्या साखरा. हा भाग वाचताना मी खरंच डबा खायची विसरले होते. आईच्या दुधात लॅक्टोज आणि फॅटनंतर सगळ्यात जास्त घन पदार्थ कुठला, तर एका वेगळ्याच प्रकारच्या साखरा, लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम, चिकात त्याहून जास्त, दीडशेच्या वर प्रकार. गाईच्या दुधात या अगदी नखाएवढ्या असतात. आणि गंमत अशी की बाळाला त्या पचवताच येत नाहीत. आईचं शरीर एवढी मेहनत करून त्या बनवतं, बाळ पितं, आणि त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात. मग कुणासाठी बनवल्या? तिथल्या बिफिडोबॅक्टेरियासाठी. हे नाव जुनं आहे, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आँरी तिसिए यांनी १८९९-१९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये हे पाहिले, टोकाला फाटा फुटलेल्या काटकीसारखे दिसतात म्हणून बिफिडस. यातली एक जात, इन्फँटिस, या साखरा आख्ख्या आत ओढून घेते आणि मोडते, त्यातून ॲसिड तयार होतं, बाळाचं आतडं आंबट होतं आणि रोगट जंतूंना तिथे पाय रोवणं अवघड जातं. दह्याचा आंबटपणा दह्याला जसा राखतो तसंच. मला एकदम माझी आजी आठवली. ती जेवायला बसायच्या आधी ताटातला पहिला घास बाजूला काढायची, गोग्रास, रोज, न चुकता, ज्याचा आहे त्याला. आईच्या दुधात असाच एक घास बाळाच्या पोटातल्या त्या बारक्या जिवांसाठी बाजूला काढलेला असतो.

आता छोटीचा प्रश्न. हे बॅक्टेरिया दुधात येतात कुठून, आणि ताटाचा त्यात हात किती.

एक वाट कातडीची, ती कळायला सोपी. दुसरी वाट बाळाच्या तोंडाची, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. ऑस्ट्रेलियात २००४ साली संशोधकांनी पाजणाऱ्या आयांचं अल्ट्रासाउंड केलं तेव्हा दिसलं की पान्हा येतो तेव्हा दुधाच्या नळ्या फुगतात, आणि पान्हा ओसरला की उरलेलं दूध मागे आत वळतं. म्हणजे बाळाच्या तोंडातलं थोडंसं आईच्या आत जातं. आईच्या दुधात स्ट्रेप्टोकोकससारखे लाळेतले बॅक्टेरिया भरपूर सापडतात ते यामुळे असावेत असं मानतात. कॅनडात २०१९ मध्ये ३९३ आयांच्या दुधाची तपासणी झाली, तिथे थेट अंगावर पाजणाऱ्यांच्या आणि पंपाने काढून पाजणाऱ्यांच्या दुधातल्या बॅक्टेरियांत फरक दिसला, आणि बाळाच्या तोंडाची वाट खरी असावी याला त्यातून जोर आला. आपण म्हणतो आई लेकराला देते, आणि ते देतच असते, पण इथे लेकरूही आईला देतंय, रोज आठ-दहा वेळा.

तिसरी वाट म्हणजे आईच्या आतड्यातले काही बॅक्टेरिया पेशींवर स्वार होऊन स्तनापर्यंत पोचतात अशी एक कल्पना. स्पेनमधल्या त्याच लोकांनी ती लावून धरलीय, काही पुरावेही आहेत, पण सगळे शास्त्रज्ञ अजून ती मानत नाहीत. पावडर विकणाऱ्यांचं सगळं दुकान या तिसऱ्या वाटेवर उभं आहे.

खाण्यावरचे अभ्यास मी शोधून शोधून वाचलेत. २०१७ मधला एक अमेरिकेतला आहे, २१ बायका, बाळंतपणानंतर सहा महिने त्यांच्या दुधाचे नमुने घेतले. निष्कर्ष असा की दुधातल्या बॅक्टेरियांची वस्ती बऱ्यापैकी स्थिर असते, आणि फॅट, कार्बोहायड्रेट, काही जीवनसत्त्वं यांच्या कमीजास्तीशी तिचे काही धागे जुळतात. धागे जुळतात म्हणजे एकाने दुसरं घडवलं असं नाही. २०२० मध्ये टेक्सासच्या लोकांनी मोजक्या आयांना काही दिवस ठरवून दिलेलं खाणं दिलं, तेव्हा त्या खास साखरांचं प्रमाण थोडं हललं आणि त्याबरोबर दुधातल्या बॅक्टेरियांच्या कामातही फरक दिसला. म्हणजे संबंध आहे, तो नाही असं मी म्हणणार नाही. पण कुठल्या साखरा बनवायच्या हे मुळात आईच्या जनुकांवर बरंच ठरतं, आणि काल दुपारच्या अर्ध्या वडापावाने आज बाळाच्या पोटातली वस्ती बदलली असं दाखवणारं काहीही मला सापडलं नाही.

शिवाय हे मोजणंच किती अवघड आहे ते मी लॅबवाली म्हणून सांगते. २०११ मध्ये १६ बायकांच्या दुधाचा डीएनए तपासला, बहुतेक सगळ्या नमुन्यांत सापडणारे नऊ प्रकार निघाले, स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस वगैरे, आणि त्या यादीत चक्क ब्रॅडिरायझोबियमचं कुळ. ब्रॅडिरायझोबियम म्हणजे सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीत राहणारा! माझे वडील पेरणीच्या आधी गुळाच्या पाण्यात रायझोबियमचं पाकीट कालवून बियाण्याला चोळतात, तो. तो आईच्या दुधात काय करत असेल? पुढे २०१४ मध्ये दाखवून दिलं गेलं की डीएनए काढायच्या किटमध्येच अशा मातीपाण्यातल्या बॅक्टेरियांचा डीएनए असतो, आणि नमुन्यात मुळात जीव कमी असले की किटमधलाच आवाज मोठा ऐकू येतो. त्यामुळे यातल्या कुठल्याही यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. रोज कोरी, म्हणजे दूध न घातलेली प्लेट लावल्याशिवाय आम्ही दुधाच्या प्लेटचा आकडा लिहीत नाही, तेच इथेही.

मी स्वतः कामावर परत आल्यावर दूध काढून ठेवायचे. लॅबच्या स्टोअरमध्ये, रसायनांच्या कपाटामागे स्टूल टाकून, कारण दुसरी जागाच नव्हती. त्या कॅनडाच्या अभ्यासाबद्दल वाचलं तेव्हा पोटात गोळा आला होता, की पंपाचं दूध देऊन मी तिचं काही कमी केलं का. मग मला सायनचं हॉस्पिटल आठवलं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ ला मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. तिथलं दान केलेलं दूध ६२.५ डिग्रीला ३० मिनिटं तापवतात. आमच्या डेअरीत बॅच पाश्चरायझेशन ६३ डिग्रीला ३० मिनिटं, जवळजवळ तेच! म्हणजे त्या दुधातले जिवंत बॅक्टेरिया बहुतेक सगळे जातात. आणि तरीही, ज्या बाळांची आई आजारी आहे, जी बाळं महिने आधी जन्मलीत, मुठीएवढी आहेत, त्यांच्या आतड्यांना ते दूध वाचवतं, कारण त्या साखरा त्या तापमानाला टिकतात आणि बाकीही पुष्कळ काही टिकतं. दुसऱ्या आईचं, तापवलेलं, गोठवलेलं दूध जर एवढं करत असेल तर माझ्या स्टीलच्या डब्यातल्या दुधाने माझ्या मुलीचं भलंच केलं असणार. हे कळलं त्या दिवशी स्टोअरमध्ये बसून मी खूप वेळ रडले, बरं वाटून.

पावडरीबद्दल एक सांगायला हवं, कारण बॅक्टेरिया देण्याची कल्पनाच खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. ओडिशाच्या खेड्यांमध्ये डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या टीमने साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर एक चाचणी केली, २०१७ मध्ये ती छापून आली. अंगावर पिणाऱ्या बाळांना सात दिवस एक ठरावीक लॅक्टोबॅसिलस आणि त्याला लागणारी साखर थेट तोंडातून दिली. सेप्सिस (अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. एवढ्या गरीब भागात, एवढ्या स्वस्तात. पण ते बाळाला दिलं, नेमका बॅक्टेरिया निवडायला वर्षं घातली, डॉक्टरांच्या देखरेखीत. आईने अठराशेचा डबा खाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

मग आईच्या ताटातलं दुधात काहीच उतरत नाही का? उतरतं ना. वास आणि चव उतरते, १९९१ मध्ये फिलाडेल्फियात आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या, दोनेक तासांनी दुधाला लसणाचा वास आला आणि बाळं जास्त वेळ लागून प्यायली. आजीच्या लसणाच्या फोडणीला माझा मनापासून नमस्कार. फॅटचा प्रकार उतरतो. आयोडीन उतरतं, अ जीवनसत्त्व उतरतं. आणि बी-१२ उतरतं.

इथेच माझी खरी खंत आहे. मुलगी सात महिन्यांची असताना सुस्त वाटायला लागली, हिमोग्लोबिन कमी आलं. बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही काय खाता? तोच प्रश्न! मला वाटलं झालं, आता कोबी निघणार. पण त्यांनी विचारलं दूध पिता का, दही, ताक, पनीर खाता का, अंडी खाता का, तुमचं बी-१२ कधी बघितलंय का. कधीच नाही. गरोदरपणात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या नेमाने घेतल्या, पण हे कुणी तपासलं नव्हतं. माझं खूपच कमी निघालं. मला इंजेक्शनं सुरू झाली, तिलाही उपचार झाले, महिन्याभरात ती परत रांगायला, खिदळायला लागली. वेळेत कळलं म्हणून. आईच्या शरीरात बी-१२ नसेल तर दुधातही नसतं, आणि तसंच महिनोन्महिने चाललं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, शिकलेलं विसरायला लागतं लेकरू, हातपाय थरथरतात. हे काही लांबचं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायका १९९३ पासून अभ्यासल्या, त्यातल्या दोनतृतीयांश जणींचं बी-१२ कमी होतं.

तीनातल्या दोघी. आणि शाकाहारी घरात बी-१२ येतं कुठून, तर दूध, दही, ताक. डाळीत नाही, भाजीत नाही, तुपात नाही, डिंकात नाही. म्हणजे माझ्या ताटात जे मोजके दोन-तीन पदार्थ ते देऊ शकत होते त्यातलं दही आणि ताक थंड म्हणून, बाधतं म्हणून सगळ्यात आधी उचललं गेलं. रोज संध्याकाळी अख्खं घर माझ्या ताटात बघत होतं, आणि जे बघायला हवं होतं ते सोडून.

कुणावर राग नाही माझा. आजीला बी-१२ कुणी सांगितलेलं नव्हतं, तिच्या काळात बाळंतिणीला जपण्यासाठी जे कळत होतं ते तिने केलं. तिच्या डिंकाच्या लाडवात सुकं खोबरं, खारीक, खसखस, आणि डिंक म्हणजे तरी काय, आपल्या पाचकरसांना न पचणारं पण आतड्यातल्या बॅक्टेरियांना पचणारं फायबरच, त्यांच्यासाठीचा घास. आळीवात लोह. बाईने आयुष्यभर काय खाल्लं, पोटभर खाल्लं का, त्यावर तिची आतडी, तिची ताकद, तिचं दूध उभं असतं, आणि हे सव्वा महिन्याच्या पथ्याने भरून येत नाही. नऊ महिने उरलंसुरलं खाल्लेल्या बाईला नंतर लाडू देऊन काय होणार. मला विचाराल तर बाळंतिणीच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाने बाळ रडतंय म्हणून काय खाल्लंस असं न विचारता, जेवलीस का असं विचारावं. शब्द दोनच बदलतात.

रविवारी गेले छोटीकडे. पिशवीत डिंकाचे लाडू, आजीच्या मापाने केलेले, आजी आता नाही. काकूने चहा टाकला. छोटी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांखाली काळं, केस बांधायलाही वेळ न मिळालेले. बाळ अंगावर पीत होतं, तोंडाच्या कडेने दुधाचा एक ओघळ हनुवटीवर, मध्येच थांबत होतं, परत ओढत होतं. मी तिला बाळाच्या तोंडाची वाट सांगितली, दूध मागे वळतं ते सांगितलं, तर ती खाली वाकून त्याच्याकडे बघत बसली. म्हणाली, म्हणजे हा पण मला देतोय काहीतरी? म्हटलं, देतोय ना. वडापावाचं पण सांगितलं. बाळं या वयात संध्याकाळी रडतात, माझीही रडायची, तिला मी एक महिना नुसत्या भातावर राहून बघितलंय, काही फरक पडला नाही. पावडर मागवू नकोस म्हटलं, त्या पैशात बी-१२ ची टेस्ट कर आणि उरले तर फळं आण.

काकू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला थोडं लागलं असावं, मला दिसत होतं. मी म्हटलं काकू, तुझं काही चुकलं नाही, माझ्या वेळी आईनेही हेच केलं. ती काही बोलली नाही, आत गेली.

दुपारी जेवायला बसलो. छोटीचं ताट वेगळं, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, मुगाचं वरण, तूप. माझ्या ताटात घरच्या म्हशीचं दही होतं, कवडीचं, घट्ट. छोटीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी काही म्हणायच्या आत काकू दह्याचं पातेलं घेऊन परत आली, पलंगाशी गेली, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "फ्रीजमधलं नाही गं, सकाळचंच आहे ताजं, गार नाही." आणि दोन डाव दही तिच्या भाकरीशेजारी वाढलं.